मशीनचा पोळा

अमरावती, १ ऑगस्ट

भाऊ,

अकरा बंगले! एवढं वाचून घे, मग फाडायचं असेल तर खुशाल फाड.

तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोन कापता येतो, पण दारात उभ्या पोस्टमनला नाही म्हणता येत नाही. त्यातून आपला पोस्टमन काही साधा नाही. तू पत्र घेतलं नाहीस तर तो ते पारावर मोठ्याने वाचेल.

तर अकरा बंगले. इथे एका नव्या कॉलनीत प्रत्येक बंगल्यापुढे लॉन आहे. लॉन म्हणजे तुझ्या भाषेत हरळी. दुकानात तिला बर्म्युडा म्हणतात, पिशवीवर गोऱ्या माणसाचा फोटो असतो, पण मुळी हातात घेतली की मी ओळखतो, आपल्या वावरातल्या धुऱ्या-बांधावरचीच बाई ती. तू मला शेवटचं बोललास ते मला पाठ आहे. "बाप जिंदगीभर हरळी खंदून खंदून वाकला, अन् तू लोकाइच्या दारात हरळी लावत फिरशीन?" होय भाऊ, लावतो! लावतो, पाणी देतो, खत देतो, दर आठ दिवसांनी कापतो, आणि वर लोक मला "किशोरजी" म्हणतात.

तू एकदा बघायला पाहिजे होतंस. मशीन एका बाजूने जाताना गवत एका अंगाला झुकतं, येताना दुसऱ्या. एक पट्टा फिका, एक गडद, एक फिका, एक गडद. तू तिफन धरायचास तेव्हा तासं जशी सरळ जायची तसा माझा पट्टा जातो. ती नजर मी तुझ्याकडूनच उचलली, दुसऱ्या कोणाकडून उचलणार?

बैलजोडी विकून ही मशीन घेतली, हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, सगळ्या पातूर तालुक्याला माहीत आहे. तो विषय आज नको. आज मला फार आनंद झालाय.

काम अजून पक्कं नाही. कॉलनीच्या अध्यक्ष सईदा मॅडम, उर्दू शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता रिटायर झाल्या. त्यांची मुलगी अफिफा डॉक्टर झाली. २३ ऑगस्टला संध्याकाळी त्यांच्या लॉनवर सगळ्या कॉलनीला चहा-नाश्ता आहे. मॅडमचं लॉन दोन वर्षांपासून मीच बघतो. त्या दिवशी लोकांना ते पसंत पडलं, तर अकराही बंगल्यांचं वर्षभराचं काम माझं. नाही पडलं तर अकोल्याची एक कंपनी टपून बसली आहे. त्यांची माणसं टोप्या घालून येतात.

सध्या मॅडमच्या लॉनचा एक कोपरा जरा पिवळा दिसतोय. काही नाही, पाणी कमी पडलं असेल.

तुझा
किशोर


अमरावती, ६ ऑगस्ट

भाऊ,

मागच्या पत्रात थोडी थाप मारली. एक कोपरा नव्हता, तेव्हाच तीन जागी पिवळं होतं. आज सात जागी आहे.

पाणी वाढवलं, उपयोग नाही. युरिया दिला, उपयोग नाही. बुरशीचं औषध मारलं, तर मॅडमना दोन दिवस खिडक्या लावून बसावं लागलं आणि गवत होतं तसंच. काल एका पिवळ्या जागेवरचं गवत मुठीत धरून ओढलं, तर गोधडी उचलावी तसं अख्खंच्या अख्खं हातात आलं. खाली मूळच नाही! मी ते झटकन परत ठेवून वरून पायाने दाबलं. मॅडम पोर्चमधून बघत होत्या. म्हणाल्या, "किशोर, पस्तीस वर्षं मी मुलींची कारणं ऐकली आहेत. मला कारण नको, लॉन दाखव."

राजापेठेत माझ्या खोलीखालीच अब्दुल रहीम चाचांचं गॅरेज आहे. माझी मशीन तेच जिवंत ठेवतात. त्यांनी ते गवत उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "किशोर, इंजन का मामला होता तो मैं बताता. ये तो मिट्टी का मामला है. तुह्या घरी कोणी मातीवाला नाही का?"

मी म्हटलं, आहे. पण तो बोलत नाही.

तुला विचारत नाही, भाऊ. नुसतं सांगतोय. मॅडमच्या कंपाउंडला लागून दोन मोठे कडुनिंब आहेत. जूनमध्ये दिवेलागणीला तपकिरी भुंगे त्यांच्या पोर्चच्या दिव्यावर टपाटप आदळायचे, त्या झाडूने लोटायच्या. आता सकाळ झाली की साळुंक्या येतात आणि नेमक्या पिवळ्या जागीच चोची मारत बसतात. हिरव्याकडे ढुंकून बघत नाहीत. याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही, पण रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे आहे म्हणून लिहिलं.

उत्तर द्यायची गरज नाही. तू देणारही नाहीस, हे मला ठाऊक आहे.

किशोर


अमरावती, १० ऑगस्ट

भाऊ! भाऊ! भाऊ!

काल आपल्या गावचा देवीदास आला. त्याची अपेक्षा इथे कॉलेजात आहे, तिला भेटायला. माझ्या खोलीवर आला, खिशातून माचिसची डबी काढली आणि म्हणाला, "देवमनभाऊनं देल्ली. काही बोलले नाही. म्या इचारलं का काय सांगू, तं म्हणे काही सांगू नको."

मी डबी उघडली. आत ओली माती, आणि मातीत इंग्रजी सी सारखी वळून पडलेली पांढरी, गलेलठ्ठ, तपकिरी डोक्याची अळी. जिवंत!

हुमणी! आपली उन्नी! अरे, भुईमुगात हिनेच आपलं अर्धं वावर खाल्लं होतं, मी सातवीत होतो, तू आणि बाबा तिकाश्या-कुदळी घेऊन एकेक झाड उपटत होतात. आणि मी इथे बर्म्युडा-बर्म्युडा करत औषधं मारतोय! भुंगे कडुनिंबावर आले, लॉनमध्ये अंडी घातली, अळ्या मुळं खात बसल्या, साळुंक्या त्यांना उकरत होत्या. सगळं मीच तुला लिहिलं आणि मलाच दिसलं नाही. माझ्यासारखा शहाणा मीच!

देवीदासला चहाही न देता मी मॅडमकडे पळालो (माझ्या वतीने त्याची माफी माग). पिवळं गवत उचललं, हातभर जागेत खुरपं घातलं, एकवीस निघाल्या. मॅडम किंचाळल्या. अफिफा मात्र खाली बसून एक उचलून निरखायला लागली, डॉक्टर ना. मग आम्ही तिघांनी बादलीत मिठाचं पाणी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत वेचत बसलो. मॅडम सुरुवातीला चिमट्याने उचलत होत्या. तासाभराने चिमटा कुठे गेला त्यांनाच माहीत नाही, हाताने उचलत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या, वर्गात हजेरी घेतात तशा. उद्या अकोल्याला जाऊन हुमणीवरची बुरशी आणतो. ती मातीत मिसळली की उरलेल्या अळ्या आपोआप मरतात.

पण भाऊ, मला आनंद अळ्यांचा झाला नाही. डबी पाठवली म्हणजे तू पत्र वाचलंस. नुसतं वाचलं नाहीस, वावरात जाऊन खणून, शोधून, जिवंत काढून दिलीस. काल रात्री सत्यभामा वहिनीने फोन केला (तिला रागावू नकोस). ती म्हणाली, "पत्र आलं का हे मले वाचाले सांगत नाही, सोताच दोनदा वाचते. मंग धान्याच्या कोठीवर ठेवते. मी लक्ष नाही असं दाखोते."

माचिसची डबी मी ठेवून घेतली आहे. ती नाही देणार परत.

तुझा
किशोर


अमरावती, १६ ऑगस्ट

भाऊ,

लॉन वाचतंय! मेलेलं सगळं खरवडून काढलं, माती उलथली, बुरशी मिसळली. बंगल्यामागे मॅडमचं कपडे वाळवायचं अंगण आहे, तिथली चांगली हरळी मातीसकट लाद्यांसारखी कापून आणली आणि सातही जागी बसवली. आज सकाळी एक लादी हळूच ओढून पाहिली. हलली नाही! मूळ धरलंय! मी तिथेच गवतावर आडवा झालो. मॅडम म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, मॅडम, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

आता ते दुसरं लिहितो. आनंदात आहे तेव्हाच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा तीन वर्षं जातील.

तू वहिनीच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस अकोल्याला होतास. जाताना म्हणालास, "बैलाइकडे पाहजो." मी सगळ्यांना सांगत आलो की घराच्या भल्यासाठी जोडी विकली, शेतीत आता ट्रॅक्टरच येतो, बैलांना कोण बसून खाऊ घालणार. ते खोटं होतं असं नाही. पण पोळा नऊ दिवसांवर होता. नऊ दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? काही नाही. दुकानदार म्हणाला मशीन एकच उरली आहे, आणि मला दम निघाला नाही. बस, एवढंच कारण आहे. मला दम निघत नाही, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

आणि गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी आपली जाते, हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी विचार केला, यंदा दुसऱ्याची जाईल. मग वहिनीने सांगितलं की तू मान सोडला नाहीस. ताटात मातीचे दोन बैल ठेवलेस आणि ताट दोन्ही हातांत धरून साऱ्या गावापुढे एकटा तोरणाखालून चालत गेलास. पोरं हसली. आणि झडत्या, पोळ्यात बैलांपुढे म्हणायची ती गाणी, म्हणायला तुझ्यासारखा गळा पंचक्रोशीत नाही, पण तू तोंड उघडलं नाहीस. त्या दिवसापासून तू झडती म्हटलेली नाहीस. भाऊ, हे मी केलं. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण मनात रोज म्हणतो.

आणखी एक लपवलेलं सांगतो. आपल्या जोडीला, परधान आणि लाखाला, मी बाजारात नाही विकलं. परतवाड्याच्या पुढे एक शेतकरी आहे, किसन म्हणून, त्याच्या घरी नेऊन दिलं. दरवर्षी जाऊन बघून येतो. दोघंही ठणठणीत आहेत, लाखा जरा सुटलाय. गेल्या खेपेला किसन म्हणाला, "तुमच्यासारखाच आणखीन एक माणूस येते. बोलत नाही काही. पाठीवरून हात फिरोते, ढेप चारते अन् चालला जाते. तुमचा कोणी हाय काय?" मी म्हटलं, हो, माझा भाऊ आहे. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

तुला हसायला एक गोष्ट सांगून टाकतो. दर पोळ्याला मी मशीन चालवत नाही. आदल्या दिवशी तिला धुतो. बैलाच्या खांद्याला लावतो तशी दांड्याला हळद आणि तूप लावतो. पोळ्याला हार घालतो, पुरणपोळीचं ताट दाखवतो. पहिल्या वर्षी रहीम चाचा पोट धरून हसले. "अरे पागल, बेअरिंग मध्ये तूप गेलं तं मी काढणार नाही बरं का!" दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच झेंडूचा हार आणला. जोडी पोळ्याआधी विकून मी जे केलं, ते निदान जिच्यासाठी केलं तिच्याशी तरी पुन्हा करायचं नाही, असं मी ठरवलंय. पोळ्याला ज्याचा त्याला आराम. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

किशोर


अमरावती, २० ऑगस्ट

भाऊ,

घाईत लिहितोय. देवीदास अपेक्षाला पोळ्यासाठी गावी घेऊन चाललाय, खाली रिक्षा उभी आहे. पत्र त्याच्या हाती देतो, म्हणजे तुला उद्याच मिळेल.

तीन दिवस झाले पाऊस थांबत नाही. गवत असं वाढलंय की विचारू नकोस, घोट्यापर्यंत आलं. हिरवंगार, एक डाग नाही, सात जागा कुठे होत्या ते मलाही सापडत नाही! पण कापल्याशिवाय ते लॉन दिसत नाही, रान दिसतं. आणि ओल्यात कापता येत नाही. उघडीप शुक्रवारी मिळणार असं सांगतात. शनिवारी सकाळीच खुर्च्या-टेबलं लागणार. म्हणजे कापायला दिवस एकच, शुक्रवार. शुक्रवारी पोळा.

मॅडमना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "किशोर, मी तुझ्या सणाचा मान ठेवते. पण पाहुण्यांना एवढ्या वाढलेल्या गवतात उभं करू का? तूच सांग." त्यांचं काय चुकलं? काही नाही. कॉलनीतले लोक कुंपणावरून बघून जातात. एक जण तर मोजपट्टी घेऊन आला होता.

भाऊ, मी शुक्रवारी मशीन काढणार आहे. रात्रभर विचार केला. अकरा बंगले म्हणजे वर्षभराचं पोट आहे, दोन माणसं कामाला ठेवता येतील, खोली सोडून घर घेता येईल. मशीनला कुठे जीव आहे? पोळा चुकला तर कोणाला कळणार? मला कळेल आणि तुला कळेल, म्हणून तुला सांगून ठेवतोय. पुन्हा पोळ्याच्या तोंडावर मीच. या वेळी निदान लपवून नाही.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा पोळ्याच्या आदला, खांदमळणीचा दिवस असेल. त्या संध्याकाळी बाबा बैलांच्या कानात सांगायचे ते आठवतं? दोन वर्षं मी मशीनला सांगतोय. यंदा मशीनला सांगायला तोंड नाही, म्हणून तुला सांगतो. तू बैल नाहीस, पण हट्ट तसाच आहे.

आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

पत्ता पाठीमागे लिहिला आहे. सईदा मॅडमचा बंगला, दोन कडुनिंब.

रिक्षावाला हॉर्न वाजवतोय.

किशोर


अमरावती, २४ ऑगस्ट

सत्यभामा वहिनी,

सा. न. वि. वि. ठेवा बाजूला, आधी सांगा, भाऊ नीट पोहोचला ना? फोनवर तो जवळ असला की तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितोय. आणि तो तुम्हाला काही सांगणार नाही. विचारलं तर म्हणेल, "काय सांगाचं, गवत कापलं." म्हणून मीच सगळं सांगतो!

शुक्रवारी सकाळी मी मशीन घेऊन मॅडमकडे गेलो. ऊन पडलं होतं. सवयीने आदल्या रात्री मशीनला हळद-तूप लावलं होतं, सकाळी राजापेठेतून पुरणपोळी आणून ताटही केलं होतं. म्हटलं, आधी ताट दाखवू आणि मग चालवू. वहिनी, खरं सांगतो, टाकीत पेट्रोल भरून झालं होतं. दोरी ओढायचीच बाकी होती. हे भाऊला सांगू नका.

तेवढ्यात फाटक वाजलं. बघतो तर भाऊ! पांढरं धोतर, खांद्यावर पोतं, पायात चिखल. पहाटे पातूरहून निघून, अकोल्याला बस बदलून आला होता. मी आहे तिथेच उभा राहिलो. माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. सरळ मशीनपाशी गेला, खाली बसला आणि दांड्यावरून बोट फिरवलं. बोटाला हळद लागली. मग म्हणाला, "आवतन देल्लं होतं ना? ताट कुठं हाय?"

वहिनी, तीन वर्षांनी हे पहिलं बोलणं!

ताट एकच होतं, मशीनपुढे मांडलेलं. तो तिथेच मांडी घालून बसला आणि मशीनचं ताट पुसून खाल्लं. मी पाण्याचा तांब्या धरून उभा. मॅडम पोर्चमध्ये आल्या, रहीम चाचा हार घेऊन आले होते ते फाटकातच थांबले. पाणी पिऊन भाऊने नाक वर केलं आणि म्हणाला, "पेट्रोलचा वास येऊन राहिला." मी मान खाली घातली.

तो उठला, लॉनमध्ये चार पावलं गेला आणि टाच दाबली. टाचेच्या खड्ड्यात पाणी भरलं. "हे पाह्य. वर लाल माती टाकली म्हणून काय झालं, खाले आपलीच काळी हाय. मशीन घालशीन तं चाकोऱ्या पडतीन. पंधरा दिस जाणार नाहीत. तुले इतकं बी समजत नाही काय?"

मी आडवाच झालो असतो वहिनी. पोळा मोडून मशीन चालवली असती, तर पोळाही गेला असता आणि लॉनही!

मग त्याने पोत्यातून विळे काढले. चार. एक त्याचा, एक तुमचा, एक बाबांचा, आणि एक लहान मुठीचा, माझा. सगळ्यांना धार लावलेली. म्हणजे पत्र वाचलं त्याच संध्याकाळी त्याला सगळं कळलं होतं, मला इथे राहून कळलं नाही. म्हणाला, "पोळा बैलाइचा असते. माणसाले कुठं सुट्टी हाय? चपला काढा, पात धरा."

आणि वहिनी, आम्ही पात धरली! भाऊ, मी, बाबांचा विळा घेऊन रहीम चाचा, आणि तुमचा विळा हट्टाने घेतला अफिफाने. चौघं एका ओळीत उकिडवे, अनवाणी, दोन बोटं गवत ठेवून कापत पुढे. भाऊ मागून ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, इळा आडवा धर, सुई नोहे ते!" अफिफा हसून हसून बसकण मारायची. मॅडमना उकिडवं बसता येत नाही, त्या कापलेलं गवत टोपलीत भरत होत्या. दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले, तेव्हा त्यांच्या विळ्याला मॅडमनी कोणाला हात लावू दिला नाही. कॉलनीची माणसं कुंपणाला लागून उभी. मोजपट्टीवाले गृहस्थ म्हणाले, "असं हाताने कापलेलं लॉन मी जन्मात पाहिलं नाही." मी मनात म्हटलं, मीही नाही.

दिवे लागायच्या आत झालं. वहिनी, काय दिसत होतं ते! पट्टे नव्हते. एकसारखं, मऊ, लहान बाळाचं जावळ असतं तसं. भाऊ त्याच्यावरून हात फिरवत होता, आणि मला किसनचं बोलणं आठवलं, पाठीवरून हात फिरोते.

मग त्याने पोत्यात पुन्हा हात घातला आणि परधानची घुंगरमाळ काढली. जोडी दिली तेव्हा माळा मी घरीच ठेवल्या होत्या, तुम्हाला माहीत आहे. ती त्याने मशीनच्या दांड्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. चाचांनी हार घातला. आणि भाऊ उभा राहिला, कानावर हात ठेवला, आणि वहिनी, भाऊने झडती म्हटली! त्या बंगल्यापुढे, साऱ्या कॉलनीसमोर, तोच आवाज!

बापानं खंदली हरळी,
पोरानं लावली हरळी,
एकाच काडीनं दोघाइले
भाकर चारली!
हर बोला, हर हर महादेव!

कडुनिंबावरचे पक्षी उडाले. महादेवाला सगळ्यात मोठा आवाज चाचांचा होता, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःच हसत सुटले. मी रडत होतो. लपवलं नाही.

काल संध्याकाळी चहा-नाश्ता झाला. लोक खुर्च्या सोडून चपला काढून गवतावर बसले. मॅडमनी उभं राहून दोन वाक्यं सांगितली, एक अफिफाबद्दल आणि एक लॉनबद्दल. अकराही बंगले माझे झाले! टोपीवाले गेले अकोल्याला परत.

पण खरी गोष्ट बसस्टँडवरची आहे. शुक्रवारी रात्री भाऊला गाडीत बसवायला गेलो. तिथवर तो माझ्याशी कामाचंच बोलला होता, खत कोणतं, पाणी किती. गाडी सुटायला आली तेव्हा मी धीर करून विचारलं, भाऊ, माळा तर दोन होत्या. लाखाची कुठे आहे?

त्याने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. म्हणाला, "खुटीवर हाय. जोडीनं बांधाची असन तं मशीन घिऊन गावात या लागते. मान आपला हाय. पयले आपलीच जाईन तोरणाखालून."

मी म्हटलं, भाऊ, एका मशीनची जोडी कशी होणार? लोक हसतील.

"दुसऱ्या अंगाले मी चालन," तो म्हणाला, आणि गाडी सुटली.

वहिनी, लाखाची माळ खुंटीवरून काढून चिंचेने घासून ठेवा. पोळ्याला वर्ष आहे हे मला माहीत आहे. पण तुम्हाला ठाऊक आहे, मला दम निघत नाही. दसऱ्यालाच येतो.

तुमचा
किशोर